धबधब्यावरचा सौदा

काकांच्या तोंडून एखाद्या गोष्टीबद्दल चांगला शब्द निघाला की घरातले सावध व्हायचे. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. माझ्यासारख्या मास्तर लोकांना वाढवून सांगायची सवयच असते, असं त्याला वाटतं. म्हणून मी आधी स्कूटरची गोष्ट सांगतो.

काकांकडे एक जुनी स्कूटर होती. रोज सकाळी किक मारताना ते तिला मनापासून शिव्या घालायचे. “हे का गाडी आहे? हे भंगार आहे भंगार. इच्यापेक्षा बैल बरा.” वर्षानुवर्षं हा पाठ चालू होता आणि स्कूटरही चालू होती. मग एका सकाळी ते अंगणात उभे राहिले, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाले, “गाडीनं लय साथ देल्ली बाप्पा. अशी गाडी आता बनत नाई.” काकू स्वयंपाकघरातून लगबगीनं बाहेर आल्या आणि डिकीतली छत्री, पिशव्या, रेनकोट काढून आत घेऊन गेल्या. दुपारी भंगारवाला आला.

काका सौंसरचे संत्र्याचे व्यापारी. बुटके, पांढरा शर्ट आणि पायजमा, खिशात घडीचा चाकू. फळाची साल खरवडून खरवडून उजव्या अंगठ्याचं नख कायमचं पिवळं झालेलं. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो. घर माझं पांढुर्ण्याचं, पण नोकरी सौंसरला, एका शाळेत अतिथी शिक्षक म्हणून. अतिथी शिक्षकाला शाळा उघडली की बोलावतात आणि उन्हाळा लागला की निरोप देतात. सरकारने हे नाव पूर्ण विचार करून ठेवलं असावं. काका आता नाहीत, म्हणून हे लिहायचं धाडस करतो आहे. ते असते तर वाचून म्हणाले असते, “मास्तर, लय सुंदर लिहिलं,” आणि मी तिथल्या तिथे कागद फाडून टाकले असते.

हे सगळं मला कळलं ते मोहगावच्या वाटेवरच्या दोन बगीच्यांत. काका झाडावरचं फळ उभ्या उभ्या विकत घ्यायचे. म्हणजे फळ पिकायच्या आधी बगीच्यातून एक चक्कर मारायची, नजरेनं अंदाज बांधायचा आणि मालकाशी भाव ठरवायचा. एका सुट्टीच्या दिवशी मला काही काम नव्हतं, म्हणून ते मला सोबत घेऊन गेले. पहिल्या बगीच्यात शिरल्यापासून त्यांनी तोंडाचा पट्टा सुरू केला. “साल जाड आहे. कोळशी पडली, पानं काळी झाली. त्या कोपऱ्यातल्या झाडाइले डिंक्या लागला, दिसून नाई राहिलं का तुमाले? फळ एकसारखं नाई. पानी कमी देल्लं तुमी.” मला त्या शेतकऱ्याची दया आली. वर्षभर राबलेल्या माणसाला त्याच्याच बगीच्यात उभं करून इतकं बोलायचं म्हणजे काय! पण तो माणूस खुशीत होता. त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, “अवं, चहा मांड. दूध जास्ती टाक.”

दुसऱ्या बगीच्यात काका हरखूनच गेले. “काय बगीचा उभा केला भाऊ! असं फळ पुऱ्या तालुक्यात नाई. हात लावाची हिंमत नाई होत, नजर लागून जाईन.” मी मालकाकडे पाहिलं. त्याचं तोंड उतरलं होतं.

“म्हंजे तुमी घेत नाई,” तो म्हणाला.

“घेन ना कोनीतरी. नशीबवान असन.”

तिथे आम्हाला पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. परत येताना मी काकांना याचा उलगडा विचारला, तर ते माझ्याकडे पहिलीतल्या पोराकडे पाहावं तसं पाहायला लागले. “मास्तर, जे घ्याचं नाई, त्याची तारीफ कराले काय लागते? अन् जे घ्याचं आहे त्याची मालकासमोर तारीफ कराले मी का येडा आहे?”

व्यापारात हे ठीकच आहे. पण माणूस दुकानाला कुलूप लावतो तेव्हा दुकानदारीही आत ठेवून घरी येतो. काकांना दुकानच नव्हतं. त्यामुळे त्यांची व्यापारी जीभ त्यांच्यासोबत घरी यायची, जेवायला बसायची. काकूंच्या वरणात रोज काही ना काही कमी पडायचं, पोळीचा काठ रोज कच्चा राहायचा आणि काका रोज एक पोळी जास्त खायचे. शेजारच्या बाईंनी एकदा पुरणपोळी आणून दिली. काकांनी एक घास घेतला, “अमृत आहे बाई, अमृत,” म्हणाले आणि ताट बाजूला सारलं. मी एकदा काकूंना विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? काकू हसल्या. म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून एक डाव बी त्याहिनं मले चांगलं नाई म्हटलं. म्हनून तं बेफिकीर आहो.”

मलाही ते सुरुवातीला भरपूर बोलायचे. बादली नळाखाली अशी काऊन ठेवता, बूट जिन्यात काऊन काढता, कॉप्या तपासून राहिले का रद्दी जमवून राहिले. म्हणजे माझं बरं चाललं होतं.

आता रंजूबद्दल सांगायला हवं. रंजू ही काकांची एकुलती एक मुलगी. तिने फार्मसीचा डिप्लोमा केला होता आणि बस स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात ती काउंटरवर बसायची. त्या वर्षी मला डोकेदुखीच्या इतक्या गोळ्या लागल्या की खरोखर डोकं दुखलं असतं तर ते बरं व्हायला जागाच नव्हती. रंजूला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ती गोळी द्यायची आणि म्हणायची, “रिकाम्या पोटी नका खाऊ. खरं तं खाऊच नका.” पुढे आम्ही कधी कधी रसवंतीत जाऊन उसाचा रस प्यायचो. लहान गावात यापेक्षा मोठं काही करायची सोय नसते.

एके दिवशी काकांनी आम्हाला रसवंतीत पाहिलं. ते सरळ पुढे निघून गेले. संध्याकाळी मी जिना चढत असताना त्यांनी खालून हाक मारली. “मास्तर, तुमच्यासारखा भाडेकरू नशिबानं भेटते.” मला स्कूटर आठवली. त्या दिवसापासून त्यांनी माझी तारीफ करायचा धडाकाच लावला. मास्तरांचं अक्षर, मास्तरांचा स्वभाव, मास्तरांचे संस्कार. माझी बादली नळाखाली वाटेल तशी पडलेली असायची आणि काका तिच्याकडे पाहतसुद्धा नसत.

रंजूने त्यांना स्पष्ट विचारलं होतं. मुलगी धीट होती. तिने ते मला काउंटरवरूनच सांगितलं.

“मी बोलली बाबाइले तुमच्याबद्दल.”

“मग?”

“म्हनाले, मास्तर तं सोनं आहे सोनं.”

आमच्या दोघांच्याही माना खाली गेल्या. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आमच्या घरात कोणी गेलं की काय असं वाटलं असणार.

रंजूला पाहायला येणाऱ्या सगळ्या मुलांची काकांनी अशीच तारीफ केली होती. छिंदवाड्याचा आला, काटोलचा आला, वरुडचा आला. काका त्यांना दारापर्यंत सोडायला जायचे. “काय पोरगा घडवला तुमी! आमची लायकी नाई जी.” ते लोक फुगून गाडीत बसायचे आणि मग महिनाभर फोनची वाट पाहत बसायचे. नकार देऊनही समोरच्याला इतकं सुखी करणारा मुलीचा बाप मी दुसरा पाहिला नाही.

मग नागपूरचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, पक्की नोकरी, वडील सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. काकांनी मोबाइलवर त्याचा फोटो पाहिला, दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “नाक जरा बसकं आहे.”

काकूंनी रंजूकडे पाहिलं. रंजूने दुसऱ्या दिवशी काउंटरवर माझ्यासमोर गोळ्यांचं पाकीट आपटलं. “बाबानं त्याच्या नाकात खोट काढली. घेऊन राहिले ते. तुमी काही करान का नुसत्या गोळ्याच खासान?”

मी म्हटलं, पाहतो. अतिथी शिक्षकाच्या हातात पाहण्यापलीकडे फारसं काही नसतं.

इंजिनिअरच्या आईने कुठल्याशा रीलमध्ये कुकडीखापाचा धबधबा पाहिला होता. पोहे-चहाचा कार्यक्रम आता जुना झाला, त्यापेक्षा सगळे मिळून धबधब्यावर जाऊ, मुलंही मोकळी बोलतील, असं त्यांनी फोनवर सुचवलं. काकांनी इतकी वर्षं त्या बाजूचे बगीचे तुडवले होते, पण धबधबा एकदाही पाहिला नव्हता. पाण्याला फळ लागत नाही, मग तिकडे जायचं कशाला? पण मुलाकडच्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी शेजाऱ्याची बोलेरो मागितली आणि मला म्हणाले, “गाडी तुमीच चालवा मास्तर. काय गाडी चालवता तुमी! हातात जादू आहे.” अशा रीतीने माझ्या सत्यानाशाकडे मी स्वतः गाडी चालवत निघालो.

पोळा होऊन गेला होता. रामाकोना मागे टाकून आम्ही सिल्लेवानीच्या घाटाला लागलो. वाटेत भुट्टे भाजणाऱ्या बाया बसल्या होत्या, कठड्यावर माकडं बसली होती. दोघांचंही गाड्यांकडे सारखंच लक्ष होतं. नागपूरची गाडी आमच्या मागे. डांबरी रस्ता सोडला तसा चिखल सुरू झाला, आणि पुढे तर गाड्या ठेवून पायीच जावं लागलं. काळी माती चपलेला अशी धरून बसली की प्रत्येक जण बोटभर उंच झाला. काकूंच्या गुडघ्यांनी पहिल्याच चढाला कुरकुर सुरू केली. मी डब्यांची पिशवी, सतरंजी आणि पाण्याचा जार घेऊन सगळ्यांच्या मागे. काका मात्र इंजिनिअरच्या शेजारून चालत होते आणि त्यांचं काम सुरू झालं होतं.

“जोडे महाग दिसते, पन तळवा गुळगुळीत आहे. इकडे चालत नाई.”

इंजिनिअर हसला. मुलगा खरंच चांगला होता. ते मला फार जड जात होतं.

“केस समोरून विरळ होऊन राहिले. वडिलांवर गेले वाटते.”

वडिलांनी टोपी नीट केली. पुढे एक ओढा लागला. इंजिनिअरने उडी मारली, पाय थोडा घसरला. काकांनी त्याचा दंड धरला आणि धरल्याबरोबर दाबूनही पाहिला. “हाड बारीक आहे. घरचं दूध-तूप नाई ना तुमच्याकडे? पाकिटाचं पेत असान.”

एकेका वाक्यासरशी मी मनातून खाली बसत होतो. इतके दोष काकांनी मोहगावच्या त्या बगीच्यातसुद्धा काढले नव्हते. सौदा पक्का होत आला होता. रंजू माझ्या पुढे चालत होती. तिने एकदा मागे वळून पाहिलं. त्या नजरेत राग होता की रडू, ते मला कळलं नाही. दोन्ही असावं.

धबधबा दिसला तेव्हा मात्र मी हे सगळं विसरलो. काळ्या कड्यावरून पाणी सरळ खाली उडी घेत होतं आणि खाली आपटून पुन्हा धुरासारखं वर येत होतं. समोरची झाडं सारखी भिजत होती. अंगावर तुषार येत होते आणि एवढी चाल, एवढा चिखल कशासाठी होता ते न बोलता कळत होतं. इंजिनिअरच्या आई व्हिडिओ काढायला लागल्या. काकांनी एक नजर टाकली. “वा! काय पानी आहे! स्वर्ग आहे स्वर्ग!” म्हणाले आणि पाठ फिरवून सतरंजी कुठे टाकायची ते पाहायला लागले.

पाण्यापासून जरा दूर, बोलणं ऐकू येईल अशा जागी आम्ही बसलो. काकूंनी पुऱ्या, आलूची भाजी, लोणचं काढलं. इंजिनिअरने दोनच पुऱ्या घेतल्या. “पोट कमजोर आहे का?” काका म्हणाले. आणि मग, काय वाटलं कोण जाणे, बहुधा मालकाला समोर दुसरा माल दाखवावा म्हणून, त्यांनी माझ्याकडे हात केला. “आता आमचे मास्तर पाहा. सकाळपासून सारं वझं उचलून चालून राहिले, तोंडातून शब्द नाई. असा पोरगा दिवा घेऊन शोधला तरी भेटत नाई.”

इंजिनिअरच्या आईंनी ताट खाली ठेवलं.

“सकाळपासून ऐकते आहे मी,” त्या म्हणाल्या. “जोडे वाईट, केस विरळ, हाड बारीक, आता पोट कमजोर. माझ्या मुलात एवढी खोट आणि हे मास्तर एवढे गुणी, तर मग मास्तरांनाच द्या ना तुमची मुलगी!”

मी लोणच्याच्या बरणीकडे पाहत बसलो. काका मात्र गालात हसत होते. मालक चिडला म्हणजे सौदा शेवटच्या टप्प्यावर आला, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. या टप्प्यावर काय करायचं तेही ठरलेलं होतं. ते उठले, पायजम्यावरचं गवत झटकलं, “नाई जमत तं राहू द्या बाप्पा,” म्हणाले आणि पाण्याच्या दिशेने चालायला लागले. बगीच्यात असं चालायला लागलं की फाटकापर्यंत पोचायच्या आत मालक हाक मारतोच. काका सावकाश चालत होते, हाक मारायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून.

हाक आली नाही. नागपूरकरांनी संत्री फक्त सोललेली पाहिलेली असतात, त्यांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी बूट घातले. इंजिनिअरने जाताना काकूंना वाकून नमस्कार केला, माझ्याशी हात मिळवला, आणि ते लोक आल्या वाटेने निघून गेले. काकांनी मागे वळून पाहिलं तेव्हा सतरंजीवर आम्ही तिघंच होतो.

“गेले?” काका परत येऊन म्हणाले. “हाक बी नाई मारली?”

“अवो, ते का शेतकरी आहे?” काकू म्हणाल्या. “पोराची इतकी खोट काढली तुमी. कोन मायबाप आयकून घेईन?”

“पन मले तं पोरगा पसंत होता!”

“मंग तसं म्हनाचं ना एक डाव!”

पसंत असलेल्या गोष्टीला पसंत म्हणायचं, ही कल्पना त्यांना खरोखरच नवी होती. ते कितीतरी वेळ पुरीचा एक तुकडा हातात धरून बसले. मला वाईट वाटलं. आनंदही झाला होता, पण वाईटही वाटलं. त्या माणसाने मुलीसाठी जीव तोडून सौदा केला होता, आपल्याला येतो त्या एकाच पद्धतीने.

मला वाटलं आता घरी जाऊ. पण काका एकदम उठले. “आलोच आहो तं तो दुसरा धबधबा बी पाहून घेऊ. लिलाहीचा. डिझेल तं जळालंच आहे.” काकूंनी गुडघे चोळत हात जोडले, पण ते ऐकेनात. मला वाटतं, त्यांना इतक्यात घरी जायचं नव्हतं. शेजारीपाजारी, जमलं का, म्हणून विचारणार होते.

मोहखेडच्या बाजूला जायला पुन्हा तेवढीच वाट, तेवढेच खड्डे. लिलाहीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं आणि आमचे पाय आमचे राहिले नव्हते. गाडीपासून पुन्हा खाली उतरायचं होतं. मोठमोठे दगड, त्यांच्यावर शेवाळ. काकूंना मी आणि रंजूने दोन बाजूंनी धरलं. आणि मग समोर कन्हान नदी आली. अख्खी नदी खडकांच्या रुंद पायऱ्यांवरून एकदम खाली कोसळत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कललेल्या उन्हात तिचा फेस पिवळसर दिसत होता. आवाज असा की छातीत घुमत होता. मी काकूंचा हात धरून नुसता उभा राहिलो. दिवसभराचे कष्ट वसूल झाले असं लोक म्हणतात ना, ते मला तिथे पटलं.

काका पुढे जाऊन उभे होते. मग त्यांनी मान तिरकी केली आणि ओरडून म्हणाले, “पानी गढूळ आहे!” थोड्या वेळाने, “तिकडची धार बारीक आहे!” आणि मग, “मधात तो गोटा काऊन येऊ देल्ला?”

“आवडलं त्याहिले,” काकू माझ्या कानाशी म्हणाल्या.

मला काय झालं ते सांगता येत नाही. थकवा असेल, पाण्याचा आवाज असेल, किंवा आजचा इंजिनिअर गेला तरी उद्या दुसरा येईल ही भीती असेल. माणसाची तारीफ एकदा झाली की तो सौद्यातून बाद, हे मला पक्कं माहीत होतं. पुन्हा आत शिरायचा एकच रस्ता दिसत होता. मी काकांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

“काका, माझी नोकरी कच्ची आहे!”

“काय?” त्यांनी कानाला हात लावला.

“नोकरी! कच्ची! दर उन्हाळ्यात काढून टाकतात!” त्या पाण्यापुढे साध्या आवाजाचं काही चालत नव्हतं. मला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागत होतं. “आमचं पांढुर्ण्याचं घर लहान आहे! छप्पर गळतं! मला राग लवकर येतो! मी घोरतो! पोहता येत नाही! भाजी आणायला गेलो की मला कोणीही फसवतं!”

बाजूच्या खडकावर कॉलेजची काही पोरं फोटो काढत होती. त्यांनी मोबाइल खाली घेतले आणि माझ्याकडे पाहायला लागली. काका माझ्याकडे टक लावून पाहत होते. त्यांच्या सगळ्या आयुष्यात कोणा मालकाने आपल्या बगीच्यातली कोळशी अशी ओरडून दाखवली नसेल. मला पुढचं काही आठवेना. गुण आठवत नाहीत हे ठीक, पण ऐन वेळी दोषही आठवू नयेत!

तेवढ्यात मागून रंजूचा आवाज आला. तीही ओरडत होती.

“गाडी बी बरोबर नाई चालवत, बाबा! घाटात ब्रेक उशिरा मारते! अन् चहा तं असा करते का पेववत नाई!”

काकांनी मान वळवली. मुलगी दगडावर उभी होती, ओढणी तुषारांनी ओली झालेली, डोळे भरलेले, आणि ती एक एक बोट मोडून माझी खोट काढत होती. “बोलाले जाते तं अडखळते! शर्टाले इस्त्री नसते!” काका तिच्याकडे किती तरी वेळ पाहत राहिले. ही त्यांचीच भाषा होती आणि मुलीच्या तोंडून ती इतक्या जोरात त्यांनी कधी ऐकली नव्हती. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा समजलं की या सौद्यात गिऱ्हाईक ते नव्हतेच.

ते माझ्याकडे वळले. माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला उजेडाकडे फिरवलं. दंड दाबला. हनुवटी वर केली. त्यांचं पिवळं नख माझ्या कपाळावर येऊन थांबलं. तिथे लहानपणच्या एका खोकेचा वण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात, गोटमारीत, आणि मी पाहायला म्हणून फार पुढे गेलो होतो.

“हे काय आहे?”

“गोटमार!” मी ओरडलो.

“हं,” काका म्हणाले. “पांढुर्ण्याचा माल. मार लागलेलाच येते.”

मागे काकू मटकन दगडावर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. कॉलेजच्या पोरांना काहीच कळलं नव्हतं, तरी त्यांच्यातल्या एकाने टाळ्या वाजवल्या.

अंधार पडायच्या आत वर पोचायला हवं होतं, म्हणून आम्ही परत निघालो. चढताना काकांना दम लागत होता, पण तोंड थांबत नव्हतं. खांदे पडेल आहे. दात जरासे समोर आहे. पाय तिरपे टाकता. तुमचे वडील तिगाव स्टेशनले रेल्वेत होते ना, मंग पोराले रेल्वेत काऊन नाई लावलं? मी डब्यांची पिशवी आणि सतरंजी सांभाळत सगळ्यांच्या मागून हो काका, हो काका, म्हणत चढत होतो. आयुष्यात इतकी बोलणी मी कोणाची खाल्ली नाहीत आणि इतका सुखीही मी कधी नव्हतो. पाय उचलत नव्हते, तरी वर चाललो होतो.

अर्ध्या चढावर, जिथे शेवाळ जास्त होतं, तिथे काका थांबले. कमरेवर हात ठेवून मागे वळले आणि माझ्याकडे कडक नजरेने पाहायला लागले.

“अन् एक मोठी खोट आहे तुमच्यात, मास्तर.”

मी जागीच थांबलो. रंजूही थांबली.

“सकाळपासून पाहून राहिलो. आमच्या पोरीच्या मागं मागं चालता. वरतं या. पिशवी द्या मायाकडे, अन् हात धरा तिचा. गोटे निसरडे आहे, दिसून नाई राहिलं का तुमाले?”